मोरीचें पाणी कोठें अडतें?

घरांत पाणी येतें कसें याची चौकशी आपण रोज करतों. तें घराबाहेर जातें कसें याची मात्र सहसा कोणी करीत नाहीं. नळाला पाणी आलें नाहीं तर सारी आळी जागी होते. उलट, मोरीचें पाणी पायाला लागेपर्यंत तिची वास्तपुस्त होत नाहीं. वस्तुतः जमिनीखालील गटार बहुधा एकाएकीं बंद पडत नाहीं. तें कित्येक दिवस आधीं सूचना देत असतें, आणि ती ओळखणें कोणाही गृहस्थाला जमण्यासारखें आहे.

प्रथम दुर्गंधीचें पाहूं. मोरीच्या जाळीखालीं जो वाडगा असतो त्याला कारागीर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यांत सुमारें दोन इंच पाणी सदैव साठून राहतें व गटारांतील वायूला तेंच अडवितें. शौचकूपाखालील वांकड्या नळीचें तत्त्वही हेंच. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं तिचें पेटंट घेतलें. वापरांत नसलेल्या मोरींतलें हें पाणी आटलें कीं घाण येऊं लागते. अशा वेळीं प्लंबरला बोलावणें म्हणजे पैसेच मोरींत ओतणें होय. तांब्याभर पाणी ओतलें कीं काम होतें.

पाणी तुंबलें असेल तर पहिला प्रश्न हा कीं, किती ठिकाणीं तुंबलें? एकच मोरी तुंबली तर दोष त्याच मोरीचा. जाळी काढून आंतला केंसांचा गुंता, काथ्या, साबणाचा थर उपसावा. पण वरच्या मजल्यावर कोणी स्नान करीत असतां तळमजल्याच्या मोरींत पाणी चढूं लागलें, किंवा शौचकूपांत पाणी सोडतांच शेजारची मोरी गुडगुडली, तर अडथळा पुढच्या सामाईक नळांत आहे, हें बहुधा निश्चित समजावें.

तो नेमका कोठें, हें अंगणांतील चेंबर सांगतें. झांकण उघडून पाहावें. वरचें चेंबर तुडुंब आणि खालचें कोरडें असेल तर अडथळा त्या दोहोंच्या मध्यें आहे. दोन्ही भरलेलीं असतील तर तो आणखी पुढें. घराजवळचें पहिलेंच चेंबर कोरडें असेल तर मात्र घराकडे वळावें. एवढी एक पाहणी आधीं केली, तर सारी फरशी उखडण्याचा खर्च पुष्कळदां वांचतो. दुर्दैवानें पुष्कळ घरांत चेंबरची झांकणें फरशीखालीं गाडून टाकलेलीं असतात!

उथळ चेंबरचा अडथळा जमिनीवर उभें राहूनच बांबूच्या लांब पट्टीनें काढतां येतो. कोरड्या चेंबरमधून वरच्या दिशेनें पट्टी सारावी व बाजूस उभें राहावें, कारण कोंडलेलें पाणी एकदम सुटतें. तेजाब ओतण्याचा मोह टाळावा. दोन रसायनें एकत्र ओतणें तर अधिकच घातक.

एकाच जागीं पुनःपुन्हा तुंबत असेल तर नळच बिघडला आहे. जुन्या घरांत भाजलेल्या मातीचे झिलईदार नळ असतात. त्यांच्या सांध्यांतून पिंपळाच्या वा उंबराच्या मुळ्या आंत शिरतात, किंवा जमीन खचून उतार मोडतो. ४ इंची नळाला ४० फुटांत १ फूट, ६ इंची नळाला ६० फुटांत १ फूट उतार हा कारागिरांचा जुना संकेत आहे. अंगणांतला एकच तुकडा सदा ओला, माती दबलेली, घुशींचीं बिळें, हीं फुटक्या नळाचीं चिन्हें होत. शौचकूपांत गडद रंग ओतून तो कोठें उमटतो तें पाहावें. हल्लीं नळांत छोटा कॅमेरा सोडूनही दोष पाहतां येतो. तो सांपडला म्हणजे तेवढाच भाग खणून नवा पीव्हीसी नळ घालावा. याकामीं दिरंगाई नको. पिण्याच्या पाण्याची नळी जवळून जात असेल आणि पुरवठा ठराविक वेळींच होत असेल, तर रिकामी नळी चिरेंतून बाहेरची घाण आंत ओढूं शकते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खोल चेंबरांत किंवा मैल्याच्या टांकींत कोणालाही उतरवूं नये. तेथें कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सांचतो. तो फार झाला कीं नाकाची संवेदनाच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून आंत उतरणारा माणूस क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढण्यास धांवलेला दुसराही. संरक्षक साधनांवांचून माणसाला असें उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई असून, ती घरमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्यासही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. गटारांतील मृत्यूसाठीं ३० लाख रुपये भरपाई सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं ठरविली. कोणी “साहेब, पांच मिनिटांत उतरून येतों” म्हणाला, तर त्याला थांबवून नगरपालिकेची मैला उपसणारी गाडी मागवावी. एक दिवस गैरसोय होईल, ती होऊं द्यावी.

दुरुस्ती झाली कीं माती लोटण्यापूर्वीं वरच्या चेंबरांत दोन बादल्या पाणी एकदम ओतावें व एकानें खालच्या चेंबरपाशीं उभें राहावें. पाणी न थबकतां, एका धारेनें आलें पाहिजे. तें रेंगाळत आलें तर उतार चुकला आहे. कारागीर घरीं जाण्यापूर्वींच तो पुन्हा बसवून घ्यावा.