काकांचा कॉम्प्युटर आणि मंडळाचे दप्तर

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि गेली वीस-बावीस वर्षे मध्य प्रदेश शासनाच्या एका खात्यात नस्त्या पुढे सरकवतो आहोत. आवक-जावक रजिस्टर, नोटशीट, शेरा आणि सही हेच आमचे साहित्य. पण गेल्या वर्षी मंडळाचे एक काम आमच्या गळ्यात पडले. त्यात जे शिकलो ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून कार्यकारिणीने इथे उभे केले.

आपले पूर्वीचे कार्यवाह काका दोन वर्षांपूर्वी गेले. मंडळाचा सगळा पत्रव्यवहार २००३ ते २०१३ ते स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवरून करीत. गेल्या वर्षी आपल्या वास्तूच्या लीजचे नूतनीकरण निघाले आणि संबंधित कार्यालयाने २००९ साली भरलेल्या रकमेची पावती मागितली. मूळ पावती मंडळाच्या कपाटात होती, पण वाळवी आमच्या आधी तिथे पोहोचली होती. खजिनदारांना आठवले की काकांनी ती स्कॅन करून त्यांना मेल केली होती. खजिनदारांचा तो जुना पत्ता मात्र कधीच बंद पडलेला. म्हणजे पावती असलीच तर काकांच्या कॉम्प्युटरमध्ये. आणि मुदत होती तीन आठवड्यांची.

काकू म्हणाल्या, "अहो, ह्यांनी दरवर्षी सीडी करून ठेवली आहे. घेऊन जा." खरोखरच दहा सीडी होत्या. प्रत्येकीवर वर्ष, तारीख आणि काकांचे मोत्यासारखे अक्षर. आम्ही आनंदाने घरी आणल्या, एकेक लावून पाहिली. निमंत्रणपत्रिका होत्या, हिशेब होते, फोटो होते. मेल मात्र एकही नव्हती.

कारण समजून घ्या, कारण हीच चूक आजही होते. काका आउटलुक एक्स्प्रेस वापरीत. विंडोज एक्सपीसोबत तो मेल प्रोग्राम फुकट यायचा. तो आपल्या मेल 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवीत नसे. सहज दिसू नये अशा एका लपवलेल्या फोल्डरमध्ये, खूप आत, डीबीएक्स नावाच्या फाइलींत त्या जात. काका इमानेइतबारे 'माय डॉक्युमेंट्स'ची सीडी करीत राहिले. दिवाणखाना दरवर्षी झाडला, पण तिजोरी भिंतीत होती आणि तिकडे कोणी पाहिलेच नाही.

दुसरी गोष्ट. मेल सर्व्हरवर असेल ना, असे मुलांनी विचारले. इथे पॉप आणि आयमॅप या दोन पद्धतींतला फरक सांगायला हवा. पॉप म्हणजे जुना पोस्टमन. पत्र तुमच्या हातात दिले की पोस्टात काही उरत नाही. प्रत मागे ठेवायची सोय असते, पण ती खूण स्वतःहून करावी लागते. काकांनी केली नव्हती. आयमॅप म्हणजे पोस्टातच तुमची पेटी असते आणि तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवरून, फोनवरून, कुठूनही तीच पेटी उघडून वाचता. तेव्हा काकांच्या दहा वर्षांच्या मेल जगात एकाच जागी होत्या, त्या धूळ खात पडलेल्या डबड्यात. आणि पाठवलेल्या मेल तर पॉपमध्ये सहसा सर्व्हरवर नसतातच.

आयमॅप म्हटले म्हणजे सुरक्षित, असेही समजू नका. पेटी एकच असल्यामुळे फोनवरून मेल पुसली की ती कॉम्प्युटरवरूनही जाते. फोनमध्ये जागा नाही म्हणून आमच्या हातून एकदा अशा पाच-सहाशे मेल गेल्या. त्यात आमच्या स्वतःच्या विभागीय परीक्षेचा निकाल होता. तीस दिवसांनी लक्षात आले, तोवर कचरापेटीही रिकामी झालेली. म्हणून एक वाक्य घरी जाताना घेऊन जा: दोन ठिकाणी दिसणारी मेल म्हणजे दोन प्रती नव्हेत.

आता काम कसे केले ते सांगतो. आमच्यासोबत युवा शाखेतली दोन मुले होती. आम्ही जुना कॉम्प्युटर चालू केलाच नाही. म्हातारी हार्ड डिस्क किती वेळा उठेल याचा नेम नसतो. ती बाहेर काढली, बाजारातून यूएसबीला जोडायची पट्टी आणली आणि आधी अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतली. नंतरची सगळी खटपट त्या प्रतीवर. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, हे सरकारी नोकराला वेगळे शिकवावे लागत नाही.

डीबीएक्स फाइली आजचे प्रोग्राम थेट वाचत नाहीत. एका स्नेह्यांकडे अजून एक्सपीचा लॅपटॉप होता, तो मागून आणला, पण इंटरनेट जोडले नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच काढून घेतला आहे. फाइली डीव्हीडीवरून त्यात उतरवल्या, तर आउटलुक एक्स्प्रेस म्हणू लागला की फोल्डरमध्ये मेलच नाहीत! अर्धा रविवार डोके धरून बसलो. शेवटी धाकट्या मुलाने शोधले. सीडी-डीव्हीडीवरून उतरवलेल्या फाइलींवर 'फक्त वाचा' अशी खूण राहते आणि तो प्रोग्राम अशा फाइलींना हात लावत नाही. खूण काढली आणि काकांची दहा वर्षे पडद्यावर उभी राहिली.

तिथून पुढे सोपे होते. आउटलुक एक्स्प्रेसमधल्या मेल निवडून साध्या फोल्डरमध्ये ओढून टाकल्या की प्रत्येक मेलची एक ईएमएल फाइल होते. ईएमएल हे सर्वांना समजणारे रूप आहे. मग नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा फुकटचा मेल प्रोग्राम घेतला. त्याला इम्पोर्ट-एक्स्पोर्ट-टूल्स-एनजी नावाची जोड लावली आणि त्या फाइली 'लोकल फोल्डर्स'मध्ये आणल्या. शेवटी मंडळाचे नवे जीमेल खाते त्याच थंडरबर्डमध्ये आयमॅपने जोडले आणि एकेका वर्षाचे फोल्डर इकडून तिकडे कॉपी केले. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात मेल नेण्याचा हा राजमार्ग आहे. दोन्ही खाती एका छताखाली आणा आणि मध्ये पूल बांधा. याहू असो, जीमेल असो, कुठल्याही कंपनीचे असो, आयमॅप असले की पूल होतो.

इथे तीन पथ्ये पाळली. पहिले, 'मूव्ह' नाही, 'कॉपी'. मध्येच वीज गेली तर मूव्ह केलेली मेल ना इकडची ना तिकडची. दुसरे, एकदम सगळे नाही, थोडे थोडे. खाते देणाऱ्या कंपन्या दिवसाला किती चढवायचे याची मर्यादा ठेवतात. तिसरे, मोजणी. दर फोल्डरची आधीची संख्या आणि नंतरची संख्या वहीत लिहिली, आणि प्रत्येक वर्षातली सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि सर्वांत जड मेल उघडून पाहिली. जोडलेली फाइल उघडते का, हे पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे म्हणायचे नाही.

व्हायरसबद्दलही एक सांगतो. थंडरबर्ड एका फोल्डरच्या सगळ्या मेल एमबॉक्स नावाच्या एकाच मोठ्या फाइलीत ठेवतो. त्यात एका जुन्या मेलमध्ये व्हायरस सापडला, तर काही अँटिव्हायरस ती अख्खी फाइलच उचलून बाजूला ठेवतात. म्हणजे एका खडूस पाहुण्यासाठी सगळी पंगत उठवली! म्हणून अशी तपासणी प्रत काढल्यानंतर, आणि 'विचारून कर' असे सांगून करावी.

पावती सापडली का? सापडली. 'सेंट आयटम्स'मध्ये, मार्च २००९, विषयाच्या जागी फक्त 'पावती' असे लिहिलेले. मुदतीच्या चार दिवस आधी ती कार्यालयात पोहोचली. त्या रात्री आम्ही सराफ्यात जाऊन गराडू खाल्ले, हे खर्चात लावलेले नाही.

पण सगळे काही हाती लागले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. २००७ सालचे फोल्डर रिकामे निघाले. काकांच्या वहीत नोंद होती: 'कॉम्पॅक्ट करताना वीज गेली.' आउटलुक एक्स्प्रेस अधूनमधून फाइली दाबून लहान करायला परवानगी मागे, आणि ते काम मध्येच तुटले तर फाइल बिघडे. त्यापुढे काकांनी एकच शब्द लिहिला होता, 'वाईट.' इतकी वर्षे ते कोणाला बोलले नाहीत. त्याच वर्षी मंडळाच्या सभागृहासाठी देणग्या आल्या होत्या. कोणी काय भावनेने दिले, ती सगळी पत्रे त्यात गेली.

काकांच्या घरगुती मेलही मंडळाच्या मेलमध्ये मिसळलेल्या होत्या. आम्ही फक्त पाठवणाऱ्याचे नाव पाहून त्या वेगळ्या काढल्या, एकही उघडली नाही, आणि पेनड्राइव्ह काकूंच्या हाती दिला. आमच्या तरुण मित्रांना मोह झाला नाही, याचा आम्हाला पावतीपेक्षा जास्त आनंद आहे. काकूंनी एकच विचारले, नातीच्या जन्माची मेल त्यात आहे का? नात २००७ ची. आम्ही मान खाली घातली. पण काकूंनी त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. तिने पाठवलेली मेल तिच्या खात्यात जशीच्या तशी होती, आणि बाबांचे उत्तरही. काकूंनी ते छापून देवघराशेजारी लावले आहे.

तिथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक पत्राला दोन टोके असतात. आपल्या जुन्या इंदुरी घरांतून पेटीच्या तळाशी मोडीतली पत्रे असत. त्यांचे दुसरे टोक पुण्याला नाही तर साताऱ्याला कुणाच्या तरी माळ्यावर निघायचे. राजवाड्यांनी गावोगाव फिरून असेच कागद जमवले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. आपल्या मेलही उद्याचे साधनच आहेत. फरक एवढाच, कागदाला वाळवी लागायला वर्षे लागतात. खाते दोन वर्षे उघडले नाही तर गूगल ते काढून टाकू शकते.

मोडीवरून आठवले. काकांच्या कित्येक मराठी मेल शिवाजी फाँटमध्ये होत्या, आमच्या खात्यात अजून कृतिदेव चालतो तसे. तो फाँट नसेल तर मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. जुना फाँट म्हणजे आजची मोडीच. वाचायची किल्ली जपली नाही तर कागद असून नसल्यासारखा. म्हणून मेलसोबत तो फाँटही जपून ठेवला आणि महत्त्वाची पत्रे युनिकोडमध्ये बदलून घेतली.

आता मंडळाची व्यवस्था अशी आहे: एक प्रत जीमेलवर, एक मंडळाच्या कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क अध्यक्षांच्या घरी. जीमेलमधून 'टेकआउट' सोयीने सगळ्या मेल एमबॉक्स फाइलीत उतरवता येतात, ते वर्षातून एकदा अनंत चतुर्दशीनंतर करायचे ठरले आहे. पासवर्ड लिफाफ्यात बंद करून दोघा पदाधिकाऱ्यांकडे आहे. घरीही हे करा. आणि गूगलमध्ये 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. आपण खाते वापरेनासे झालो तर त्यातला मजकूर कोणाला मिळावा, हे तिथे आधीच सांगून ठेवता येते. विषय अशुभ वाटतो, पण मृत्युपत्र करण्याइतकाच शहाणपणाचा आहे.

शेवटी एक विनंती, खरे तर त्यासाठीच उभे राहिलो. २००७ साली मंडळाकडे किंवा मंडळाकडून आलेली मेल तुमच्या कोणाच्या खात्यात असेल, तर कृपया शोधा. मुले पुण्या-मुंबईला, परदेशात असतील तर त्यांनाही विचारा. नुसती फॉरवर्ड करू नका. जीमेलमध्ये 'फॉरवर्ड अॅज अटॅचमेंट' असा पर्याय आहे, तो निवडा, म्हणजे मूळ तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाव जसेच्या तसे येते. जमत नसेल तर उत्सवाच्या दहाही दिवशी आरतीनंतर आम्ही आणि ती दोन मुले कार्यालयात बसलेलो आहोत. फोन घेऊन या, चहा आमच्याकडे.

काकांच्या वहीतल्या त्या 'वाईट' शब्दापुढे आम्ही जागा रिकामी ठेवली आहे. या उत्सवात तिथे काहीतरी चांगले लिहायला मिळावे, एवढेच बाप्पाकडे मागणे.

गणपती बाप्पा मोरया!