आकाशातले गायरान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या तालुक्याच्या गावी टीव्ही आला तेव्हा तो बघायला तीन माणसे लागत. एक गच्चीवर अँटेना फिरवणारा, एक पडद्यासमोर बसून ‘आलं, आलं... गेलं!’ म्हणून ओरडणारा आणि एक जिन्यात उभा राहून खालचा निरोप वर पोचवणारा. गच्चीवर अब्बा असत, पडद्यासमोर आई आणि जिन्यात मी. पडद्यावरच्या मुंग्या हळूहळू विरत, चेहरे दिसू लागत आणि अर्धा मोहल्ला आमच्या ओसरीत येऊन बसे. रविवारी सकाळी महाभारताला तीच गर्दी आणि रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी ढग आले असतील, तर चंद्राच्या बातमीसाठीही तीच गर्दी. त्या बातमीला पैसे पडत नसत. अँटेना एकदा बसला की आकाश फुकट होते.

काही वर्षांपूर्वी खेड्यात राहणाऱ्या माझ्या खालाच्या टीव्हीवर एके दिवशी पुन्हा त्याच मुंग्या आल्या. संच बिघडला असे समजून तिने दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मागचे झाकण उघडून पाहिले, पुन्हा लावले आणि म्हणाला, ‘‘मौसी, तुमचा टीव्ही ठणठणीत आहे. वरून येणंच बंद झालंय.’’

हे वरून येणे बंद का झाले आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेचे पुढे काय होते, याबद्दल आज बोलायचे आहे. विषय शास्त्राचा आहे आणि मी कवितेचा माणूस. पण प्रश्न मालकीचा असला, तर कवीलाही विचारता येतो.

दूरचित्रवाणी, रेडिओ, मोबाईल ही सारी एकाच प्रकारच्या लहरींवर चालतात. लहरींच्या या पट्ट्याला स्पेक्ट्रम म्हणतात. त्यातला प्रत्येक तुकडा सारख्या गुणाचा नसतो. दूरवरून मिरवणूक येत असते तेव्हा आपल्याला आधी ढोल ऐकू येतो, झांजा नंतर. ढोलाचा जाड आवाज भिंतीतूनही घरात शिरतो. लहरींचेही काहीसे तसेच आहे. कमी कंपनांच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. जास्त कंपनांच्या लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात, पण लवकर दमतात. दूरचित्रवाणीला साऱ्या जगात पहिल्यापासून ढोलाची जागा मिळाली होती. मोबाईल आला उशिरा. आल्यावर त्याची नजर या जागेवर गेली यात नवल नाही. खेड्यापाड्यात कमी मनोऱ्यांवर काम भागवायचे, तर त्याला याच लहरी हव्यात.

आता जागा रिकामी कशी झाली ते पाहू. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात एका वाहिनीला ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ जागा लागे. एसटीच्या बाकावर एकच प्रवासी आडवा झोपावा, तसा हा प्रकार होता. डिजिटल तंत्राने त्याला उठवून सरळ बसवले आणि त्याच बाकावर आणखी कितीतरी वाहिन्यांना जागा झाली. जे बाक मोकळे राहिले, त्याला जगात ‘डिजिटल लाभांश’ असे गोड नाव मिळाले. अमेरिकेने मोठ्या प्रक्षेपण केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ रोजी बंद केले. त्याच्या आदल्याच वर्षी, मोकळ्या होणाऱ्या पट्ट्याचा लिलाव करून सुमारे १९ अब्ज डॉलर तिने मिळवले होते. मात्र जुना संच चालू राहावा म्हणून घरटी ४० डॉलरची दोन कूपनेही दिली होती. ब्रिटनमध्ये हे काम २०१२ साली पुरे झाले. तिथे ७५ वर्षांवरील आणि अपंग लोकांना नवी जोडणी करून देण्याची खास योजना होती.

आपल्याकडे मुंबईला दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८४ च्या सुमारास गावोगावी लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. पुढे देशभरातल्या प्रक्षेपकांची संख्या चौदाशेच्या आसपास गेली. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत नव्या पद्धतीचे, अँटेनावर मिळणारे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. मुंबई आणि औरंगाबाद त्यांत होती. पण ते घराघरांत काही पोचले नाही. तोवर शहरे केबलवर आणि छत्रीवर गेली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने सांगितले, की जवळजवळ ७० टक्के अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद झाले आहेत आणि मोक्याच्या ठिकाणचे ५० सोडून उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या लहरी फाइव्ह-जीसारख्या सेवांना उपयोगी पडतील, असेही त्या निवेदनात होते.

श्रोतेहो, जुने बंद होऊ नये असे माझे म्हणणे नाही. पाहणारे घटले होते, वीज आणि देखभालीचा खर्च चालूच होता. रिकाम्या एसटीसाठी रस्ता अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ही जागा कोणाची?

याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच देऊन ठेवले आहे. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेला तो खटला होता. त्याच्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकार तिचे मालक नव्हे. लोकांच्या हितासाठी तिचे नियमन करायचे, एवढेच त्याचे काम.

मला यावरून गावचे गायरान आठवते. गायरानाच्या सातबाऱ्यावर कोणा एकाचे नाव नसते आणि म्हणूनच ते सगळ्यांचे असते. ते खंडाने द्यायची वेळ आली, तर शहाणे गाव तीन गोष्टी विचारते. खंड किती? मुदत किती? आणि आमच्या गुरांना वाट राहणार का?

आपण पहिला प्रश्न फार मोठ्याने विचारला. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे जगभर दूरचित्रवाणीकडून मोबाईलकडे गेलेली अस्सल ढोलाची जागा. आपल्याकडे तो २०१६ मध्ये लिलावात आला. सगळ्या देशासाठी एका मेगाहर्ट्झची किमान किंमत होती ११,४८५ कोटी रुपये. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आणली, तरी कोणी फिरकले नाही. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटी झाली, तेव्हा रिलायन्स जिओने देशभरासाठी १० मेगाहर्ट्झ घेतले, ३९,२७० कोटी रुपयांना, २० वर्षांच्या मुदतीने. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे हे उत्तम रान पडीक राहिले. लिलावात आलेल्या या गायरानात ना गुरे चरली, ना गावाला खंड मिळाला. ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला तर त्या लिलावातही बोली लागली नाही.

तिसरा प्रश्न आपण हळू आवाजात विचारतो. २०२२ चा तो लिलाव २६ जुलैला सुरू झाला आणि १ ऑगस्टला संपला. एकूण दीड लाख कोटींच्या बोली लागल्या. लिलाव चालू असतानाच, २७ जुलैला, केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय घेतला. मोबाईलची फोर-जी सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. काम दिले सरकारी बीएसएनएलला. निर्णय चांगलाच होता. पण दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचल्या, की मन अडखळते. एकीकडे दूर पोचणाऱ्या लहरींची विक्री आणि दुसरीकडे त्या लहरींची वाट पाहणारी हजारो गावे.

इतरांनी काय केले? जर्मनीने २०१० साली आपला ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा विकताना अट घातली, की आधी सेवा नसलेली लहान गावे, मग मोठी शहरे. ब्रिटनने २०१३ च्या लिलावात एका पट्ट्याला बंधन जोडले, की तो घेणाऱ्याने ९८ टक्के लोकसंख्येला, तेही घराच्या आत, सेवा पोचवावी. आपल्या लिलावांतही जाळे पसरवण्याच्या अटी असतात. पण आपल्याकडे लिलावाची बातमी रकमेची होते, अटींची होत नाही. कोटींचा आकडा पहिल्या पानावर येतो. शेवटच्या पाड्याचा आकडा विचारणारा जिन्यात कोणी उभा नसतो.

आणखी एक वाट आहे, ती खालाच्या घरातून जाते. आता तिच्या छपरावर दूरदर्शनच्या मोफत सेवेची छत्री आहे. एकदा पैसे पडले, पण महिन्याचे भाडे नाही. नातवाने तिला मोबाईलही दिला. त्यावर नातेवाईक दिसतात, नातीचे नाचणे दिसते, ती खूश असते. पण परवा ती म्हणाली, ‘‘बेटा, याच्यात पैसे संपले की बातम्याही संपतात.’’ प्रक्षेपण आणि मोबाईल यांच्यातला फरक मला इतक्या थोडक्यात कोणी सांगितला नव्हता. मनोऱ्यावरून होणारे प्रक्षेपण एकाने पाहिले काय किंवा लाखाने पाहिले काय, त्याच्यावर भार पडत नाही. मोबाईलवर मात्र प्रत्येकाची तार वेगळी. म्हणूनच पुराच्या, भूकंपाच्या वेळी सगळे एकदम फोन करू लागले, की जाळे गुदमरते. २०२३ मध्ये आपल्या मोबाईलवर मोठ्याने वाजलेले चाचणीचे इशारे तुम्हाला आठवत असतील. ते प्रक्षेपणाच्याच पद्धतीने सगळ्यांना एकदम गेले होते. संकटात मोबाईलला अखेर जुन्या मनोऱ्याची विद्या शिकावी लागते.

तेव्हा मागणे एवढेच आहे. लहरी मोबाईलला जरूर द्या, पण खंड केवळ रुपयांत मोजू नका. जे पाडे अजून मुके आहेत, तिथे पोचण्याची तारीख करारात आधी लिहा आणि ती पाळली की नाही हे गावाला कळू द्या. आणि या गायरानाचा एक तुकडा कायमचा मोकळा ठेवा. बातम्या, शाळेचे धडे आणि संकटाचा इशारा तिथून रिचार्जशिवाय मिळाला पाहिजे. हे भाषण तुम्ही रेडिओवर ऐकत असाल, तर अशाच एका तुकड्यावर आपण या क्षणी एकत्र उभे आहोत.

आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर तो अँटेना अजून आहे. त्याच्या दांड्यांवर कावळे बसतात. काढून टाका म्हणून मुले मागे लागली आहेत. काढीन म्हणतो. पण वर जाताना जिन्यात पाय थबकतो आणि खालून कोणीतरी ‘आलं का?’ विचारील असे वाटते.