संघ कोणाचा?



खानदेशात कामगार म्हटला की धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या गिरण्यांतला माणूस आपल्यापुढे उभा राहतो. या गिरण्यांना 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू झाला. त्याने कामगाराला पुष्कळ दिले, पण त्यात एक मेख होती. एका क्षेत्रात, एका धंद्यात एकच संघ ‘प्रातिनिधिक’ ठरे, आणि तो ठरे वर्गणीच्या वहीवरून. गुप्त मतदानाने नव्हे. पुढे कामगारांचे मन त्याच्यावरून उडाले, तरी मालकाशी बोलणी करणार तोच! 1982 साली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, त्याला पगार-बोनसइतकेच हेही कारण होते.

संघाने राजकारणापासून दूर राहावे, असे आम्ही म्हणत नाही. 1920 साली आयटक स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष लाला लजपतराय होते. अडचण येते ती आपलाच पक्ष गादीवर बसल्यावर. मे 1974 च्या रेल्वे संपात एक महासंघ संपात उतरला आणि सत्ताधाऱ्यांच्या जवळचा दुसरा संपाविरुद्ध उभा राहिला. भुसावळकरांना हे निराळे सांगायला नको.

आता शहाद्याकडे या. नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला. तोवर शहादा धुळे जिल्ह्यातच होता. तिथे ना भोंगा, ना हजेरीपट. वर्षाच्या बोलीवर राबणारा आदिवासी सालदार, आणि हातची गेलेली जमीन. 1972 मध्ये अंबरसिंग सुरतवंती आणि बाहेरून आलेले काही शिकलेले तरुण यांनी तिथे श्रमिक संघटना उभी केली. मजुरी आणि जमीन हे तिचे प्रश्न होतेच. पण थोड्याच काळात बायका पुढे आल्या, त्यांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला जाब विचारला. मालकाशी होणाऱ्या कुठल्या करारात असले कलम असते? वरून आलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर तर ते मुळीच नसते. शहाद्यात ते आले, कारण बैठकीत काय बोलायचे हे सभासदच ठरवीत होते. स्वातंत्र्य म्हणतो ते आम्ही याला.

नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. हजेरीपटावरील 51 टक्के कामगार ज्या संघात, तो एकटा बोलणी करणार. पण ठेकेदाराच्या वहीत नाव असलेला मजूर त्याच यंत्रापाशी उभा राहूनही या मोजणीत कोठे बसतो? जळगावच्या एमआयडीसीतले काही पदाधिकारी आज समोर बसलेले दिसतात. कायम कामगारांचा आपला संघ या ठेक्याच्या माणसाची वर्गणी घेतो का, आणि घेत नसेल तर कोणाच्या भिडेने, एवढे त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून सांगावे.