पहिला पाऊस आणि शेवटची एसटी

मृग लागला, की ज्यांना डोंगराची ओढ आहे त्यांचे पाय घरात ठरत नाहीत. पंचांगातला मृग ७-८ जूनला येतो. वेधशाळेच्या हिशेबात मोसमी पाऊस पुण्या-मुंबईला साधारण १०-११ जूनपर्यंत पोचतो. अर्थात पाऊस काही पंचांग वाचून येत नाही. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता! तो केव्हाही येवो, मला आज बोलायचं आहे ते त्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या एका दिवसाच्या भटकंतीबद्दल. तीही लोकल आणि एसटीनं.

स्वतःची गाडी नाही म्हणून एसटी, असं पुष्कळांना वाटतं. माझं मत उलटं आहे. गाडी पायथ्याशी लावली, की जिथून चढलो तिथंच उतरावं लागतं. शिवाय दिवसभर भिजून, दमून, घाटातल्या धुक्यात ती कुणीतरी चालवायची असते. आणि गाडी आपलीच असल्यामुळं ‘अजून अर्धा तास थांबू’ असं म्हणायला कुणी मागंपुढं पाहत नाही. एसटी थांबत नाही, म्हणून माणूस वेळेवर उतरतो.

त्यामुळं मी बेत नेहमी शेवटाकडून आखते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे आधी विचारायचं. मात्र बेत बांधायचा तो तिच्या आधीच्या गाडीवर. शेवटची गाडी राखीव ठेवायची, डब्यातल्या जास्तीच्या पोळीसारखी.

लोहगडाचंच उदाहरण घेऊ. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं. पुण्याहून सव्वा तास धरा. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरली, तर पुढचंच स्टेशन मळवली. तिथून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव, मग लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड, पुढं लोहगडवाडी आणि पायऱ्या. सवयीचा माणूस दोन तासांत पायऱ्यांशी येतो. घरची मंडळी बरोबर असतील तर तीन धरा. संध्याकाळी पाचच्या सुमाराची लोकल धरायची, तर गडावरून अडीचला निघायला हवं. म्हणजे बारापर्यंत माथ्यावर आणि त्यासाठी नऊच्या आत मळवलीत. एवढं एकदा कागदावर मांडलं, की घरून किती वाजता निघायचं हा वाद उरत नाही.

याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी: साडेअकरापर्यंत खिंडीत पोचलो नाही, तर गड सोडायचा. मग परतताना भाज्याची लेणी निवांत पाहायची. तिथं २२ लेणी आहेत. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आहेत. गड राहिला म्हणून कुणी हळहळत बसावं, अशी ती जागा नाही. माझ्या मते तर जुलैतल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर रांगेत उभं राहण्यापेक्षा जूनच्या आरंभीचा मधला वारच बरा.

एसटीचं गणित वेगळं आहे. कर्जतजवळचा कोथळीगड, म्हणजेच पेठचा किल्ला, त्यासाठी कर्जतहून आंबिवलीकडे जाणारी एसटी धरावी लागते. अशा गावांच्या फेऱ्या मोजक्याच असतात. बऱ्याच ठिकाणी त्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात, म्हणजे सुट्टीत आणि रविवारी त्यांचा भरवसा नाही. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉकही असतो. म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी आगारात विचारावं आणि जाताना कंडक्टरला पुन्हा विचारावं. परतीची गाडी खरोखर येते की नुसती फलकावर आहे, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं आमच्यासारख्यांची भटकंती स्वस्तही झाली आहे.

आता पावसाचं. सुरुवातीचे दिवस फसवे असतात. धबधबे अजून धड सुरू नसतात, गडावरची टाकी तळाला गेलेली असतात आणि उकाडा तर मे महिन्याचाच. म्हणून माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावं. उन्हाळाभर सुकलेली माती पहिल्या सरीनं साबणासारखी होते आणि सैल झालेले दगड सुटतात. खालून चढणाऱ्यांनी वरच्याच्या थेट पायाखाली राहू नये. मोसमी पाऊस स्थिरावण्यापूर्वीच्या सरी बहुधा दुपारनंतर विजा घेऊन येतात. गडगडाट ऐकला, की बुरूज, सुळका, एकटं झाड सोडून खाली यायचं.

ओढ्याबाबत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढत गेलं आणि परत फिरायला जागाच उरली नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसतो तेव्हाही वरच्या पठारावर तो पडत असतो. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला येऊ लागला, तर त्याच क्षणी काठावर यावं. आणि जाताना सहज ओलांडलेला ओढा परतताना गुडघ्याच्या वर असेल, तर ओलांडू नये, थांबावं. गाडी चुकली तरी चालेल. ओढ्याचं पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा काही वेळानं उतरतंच. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतात, तेही निघण्याआधी पाहून घ्यावेत.

एक राहिलंच. याच दिवसांत पायथ्याच्या गावांत भाताची रोपं टाकलेली असतात. नुसता चिखल दिसतो, पण त्यात गावाचं वर्षाचं पोट असतं. पायवाट सापडली नाही तर त्यातून आडवं जाऊ नये, बांधावर काम करणाऱ्या मावशींना हाक मारावी. वाट तर त्या सांगतातच, पण वर ढग कसे आहेत आणि पाचची गाडी काल आली होती का, हेही त्यांच्याकडूनच कळतं.