ओवाळणी कुणाच्या पैशाची?

(सूस, तालुका मुळशी येथे महिला मंडळे, बचत गट आणि बांधकाम मजूर बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आदिवासी म्हटले की आपल्याला तारपा आठवतो, वारली चित्रे आठवतात. आज मी त्यातले काही बोलणार नाही. मी पैशाबद्दल बोलणार आहे. अंदाजपत्रक हा पुरुषांचा आणि साहेबांचा विषय, असे आपल्या मनात इतके पक्के बसवले आहे की आकडे आले की आपण चहाची व्यवस्था बघायला उठतो. आज कुणी उठू नका. कारण यात आपले, बायांचे, नाव गुंतले आहे.

आधी थोडा इतिहास. पाचव्या पंचवार्षिक योजनेत, १९७४-७५ च्या सुमारास, देशात आदिवासी उपयोजना सुरू झाली. कल्पना साधी होती. लोकसंख्येत आदिवासींचा जितका वाटा, तितका तरी योजनेच्या पैशात त्यांचा वाटा असावा. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे हा वाटा ९.३५ टक्के आहे, म्हणजे एक कोटीहून जास्त माणसे. पण सुरुवातीची वीस वर्षे काय झाले? प्रत्येक खाते आपलाच कार्यक्रम आखायचे आणि वर्षाअखेर त्यातला काही भाग ‘आदिवासींसाठी’ म्हणून कागदावर दाखवायचे. रस्ता आदिवासी तालुक्यातून गेला, की झाला आदिवासींचा खर्च! त्या रस्त्याने लाकूड गेले की माणूस, हे कुणी विचारत नसे.

हे थांबवायला सुकथनकर समितीने चांगला उपाय सुचवला आणि १९९३-९४ पासून राज्याने तो स्वीकारला. आधी नऊ टक्के बाजूला काढायचे. ते आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यायचे. आणि कशावर खर्च करायचे ते त्या विभागाने ठरवायचे. आधी वाटा, मग योजना. पुढे दिल्लीत या पद्धतीचे कौतुक झाले. आपल्या राज्याने ज्याचा खरोखर अभिमान धरावा अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक.

आता २०२५ वर या. जून २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिना दीड हजार. आपल्यापैकी किती जणींना मिळतात, हात वर करा. बऱ्याच आहेत. मिळतात ते घ्या, त्यात लाज कसली? घरात आणि शेतात फुकट राबलेल्या बाईला दीड हजार म्हणजे काही उपकार नव्हेत. पण मे २०२५ मध्ये या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये महिला व बालविकास खात्याकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचे म्हणणे असे, की हा पैसा आदिवासी आणि दलित बहिणींनाच दिला, मग बिघडले कुठे?

कुठे बिघडले ते सांगते. समजा, घरात तीन सुना आहेत. दिवाळीला सासू तिघींना सारख्या साड्या घेते. दोघींच्या साड्या घरखर्चातून. तिसरीची मात्र तिच्या बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून. आणि वर शेजारणीला सांगते, आम्ही दुजाभाव करत नाही! हिशेब हा असा आहे. सर्वसाधारण योजनेतला हप्ता आदिवासी बाईला या राज्याची रहिवासी म्हणून मिळायला हवा होता. तो तिच्या समाजाच्या राखीव वाट्यातून दिला, तर तिला जादा काय मिळाले? १९९३ च्या आधीची जुनी खोड मागच्या दाराने पुन्हा आत आली, आणि यावेळी दार उघडायला आपले नाव वापरले.

तीनशे पस्तीस कोटी हा आकडा डोळ्यासमोर उभा राहत नाही, म्हणून गुणाकार-भागाकार करून आणला आहे. दीड हजाराने भागले तर साधारण २२ लाख ३८ हजार बायांचा एका महिन्याचा हप्ता होतो. आता दुसरा भागाकार. केंद्राच्या ‘जनमन’ योजनेत अतिमागास आदिवासी जमातींना पक्के घर देण्यासाठी दर घरामागे २ लाख ३९ हजार रुपये धरले आहेत. त्या दराने याच पैशात चौदा हजार घरे उभी राहतात. एक महिन्याचा किराणा, की चौदा हजार घरे? निवड अशी समोर मांडली गेली असती तर आदिवासी बायांनी काय उत्तर दिले असते ते मी सांगत नाही. त्यांना कुणी विचारलेच नाही, एवढेच माझे म्हणणे.

हे सगळे सूसमध्ये येऊन का सांगते आहे? कारण मुळशी आणि मावळात कातकरी आहेत. महाराष्ट्रात केंद्राने अतिमागास ठरवलेल्या जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल गेले, कात गेला, नाव तेवढे राहिले. आता दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे. उचल नवऱ्याच्या हातात, काम जोडीचे. बाईच्या मजुरीचा वेगळा हिशेबच नाही. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली म्हणतात!

पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत. मुळशी त्यात नाही. त्यामुळे पेसा कायद्याची ग्रामसभा इथल्या वाडीला नाही. प्रकल्प कार्यालय आहे घोडेगावला, म्हणजे पुणे ओलांडून मंचरच्याही पुढे. एसटी बदलत जायचे, साहेब दौऱ्यावर असले की तसेच परत यायचे, आणि दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. त्यात जून २०२१ मध्ये सूस पुणे महापालिकेत गेले. ‘जनमन’ची घरे ग्रामविकास खात्यामार्फत होतात. ग्रामपंचायतच उरली नाही अशा गावात राहणाऱ्या कुटुंबाने कोणत्या दाराशी जायचे? समोरचे टॉवर बांधायला माणूस गावचा चालतो, घरकुल मागायला आला की तो शहराचा होतो.

आणि सगळ्याच्या आधी दाखला. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबाचे नाव ना शाळेत, ना सातबाऱ्यावर, त्यांनी तो कुठून आणायचा? बाईचे आणखी कठीण. जात वडिलांकडून सिद्ध करायची, म्हणजे कागद माहेरचा हवा. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, बाप वारलेला, भाऊ भट्टीवर. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तर सासरचे रेशनकार्डही दाखवत नाहीत. आधार नाही, खाते जोडलेले नाही, म्हणून लाडकी बहीणचा हप्ताही तिला नाही. आपल्या समाजाच्या थैलीतून दिलेला हप्ता तिला मिळत नाही, आणि त्या थैलीतून उभे राहू शकले असते ते घरही नाही.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये उपयोजनेच्या पैशाला कायद्याचे कुंपण घातले. आपल्याकडे २०२५ मध्ये पैसा वळवला तेव्हा असे कुंपण नव्हते. कायदा हवाच. पण कर्नाटकात कायदा असूनही २०२३-२४ मध्ये या राखीव निधीतले अकरा हजार कोटींच्या आसपास रुपये हमी योजनांकडे गेले, आणि त्यातही बायांची योजना होती. म्हणजे पहारा आपल्यालाच द्यावा लागणार. आदिवासी संघटना हे बोलतात तेव्हा त्यांना ‘बहिणींचे विरोधक’ ठरवणे सोपे जाते. आपण, हप्ता घेणाऱ्या बायांनी, बोललो तर ते तितके सोपे नाही. आमचा हप्ता द्या, सर्वसाधारण तिजोरीतून द्या, आदिवासींचा पैसा परत ठेवा, असे निवेदन आपल्या नावाने जायला हवे.

दुसरे काम इथलेच. गृहचौकशी करून कातकऱ्यांना दाखले दिल्याची उदाहरणे आहेत. तलाठ्याने वाडीवर यावे, बायांचे जबाब बायांच्या तोंडून घ्यावेत, आणि शिबिर पावसाळ्यात, लोक घरी असताना भरवावे, अशी मागणी आपण प्रांतांकडे करू. दिवाळीनंतर शिबिर म्हणजे रिकाम्या झोपड्यांचे शिबिर. निवेदनाचा मसुदा त्या सतरंजीवर ठेवला आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी शेजारणीला वाचून दाखवा, मग सह्या आणि अंगठे घेऊ.