वेठ आणि यंत्रमानव



विज्ञानकथा म्हटली की चंद्राकडे झेपावणारी याने आणि मंगळावरची माणसे डोळ्यांपुढे येतात. करमणूक म्हणून ती उत्तमच. परंतु आम्ही पडलो युनियनच्या कचेरीत बसणारे. आम्हांला या वाङ्मयात प्रथम भेटला तो कामगार, आणि आज त्याच्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

‘रोबो’ हा शब्द आज शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. तो प्रयोगशाळेत नव्हे, नाटकात जन्मला. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले व १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. कृत्रिम कामगारांना नाव काय द्यावे हे त्याला सुचेना, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने हा शब्द सुचविला. मूळ चेक शब्द ‘रोबोता’. म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर करावयाचे सक्तीचे काम. आपल्याकडे याला वेठ म्हणतात.

चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हेत; रासायनिक लगद्यातून घडविलेले, दिसायला माणसासारखेच. कारखान्याचा व्यवस्थापक डोमिन मोठा गोडबोल्या. माल मातीमोलाने मिळेल, कोणाला राबावे लागणार नाही, असे त्याचे स्वप्न. पुढे रोबो उठतात आणि मनुष्यजातीचा संहार करतात. जिवंत ठेवतात तो एकटा अल्क्विस्ट. का? तर तो हातांनी काम करतो म्हणून! बांधकामाचा हा प्रमुख स्वतः विटा रचीत असे. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

हाच प्रश्न सहा वर्षांनी पडद्यावर आला. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला दाखविला गेला. वर गगनचुंबी नगरी, खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती. पाळी बदलते तेव्हा दोन्ही रांगांच्या माना खाली. पण सुटलेल्यांची पावले कामावर जाणाऱ्यांच्या निम्म्या वेगाने पडतात. रात्रपाळी केलेल्याला हे समजावून द्यावे लागत नाही. पाळी दहा तासांची, म्हणून घड्याळाची तबकडीही दहा तासांची. (पुराच्या दृश्यासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली सुमारे पाचशे मुले थंड पाण्यात उभी केली होती, हेही सांगून ठेवतो.)

शेवटी मालकाचा मुलगा मध्ये पडतो आणि मालकाचा हात फोरमनच्या हातात देतो. मेंदू आणि हात यांच्यामध्ये हृदय हवे, असा एकूण बोध. येथे आमचे जमत नाही. हृदयाला आमची हरकत नाही. पण करार कोठे आहे? तास किती, मजुरी किती, जायबंदी झालेल्याच्या घरी काय द्यायचे? हारतुरे घालून झालेले समेट आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. कागद पाहिल्यावाचून आम्ही टाळ्या वाजवीत नाही. पुढे खुद्द लांगलाही हा शेवट परीकथेसारखा वाटू लागला. पटकथा त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. पुढे हिने आपल्या बेळगावकडच्या अयी गणपत तेंडुलकरांशी विवाह केला. म्हणजे नाते अगदीच परके नाही!

कोणी म्हणेल, करार कापलेल्या भागात असेल. प्रथम प्रयोगानंतर चित्रपट बराच कापला गेला होता खरा. २००८ साली ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, आणि २०१० मध्ये ती जोडून दाखविली. आम्ही ती मुद्दाम पाहिली. त्यातही करार नाही.

एच. जी. वेल्सने १९२७ सालीच या चित्रपटाची टर उडविली. यंत्रयुगाला असल्या राबणाऱ्या गुलामांची गरजच उरत नाही, असे त्याचे म्हणणे. हिशेब बरोबर आहे. पण गरज न उरलेल्या माणसाने चूल कशावर पेटवायची? चाकणकडे मोटारींच्या कारखान्यांत जोडकाम करणारे यांत्रिक हात आज आहेत, आणि हा प्रश्न घेऊन माणसे आमच्या कचेरीची पायरी चढतात.

मागे एका कारखान्याच्या करारात आम्ही कलम घातले की, असा हात बसविण्याच्या तीन महिने आधी युनियनला लेखी कळवावे. मालकांचे वकील म्हणाले, मसुद्यात ‘रोबो’ शब्द नको, ‘स्वयंचलित साधन’ लिहा. आम्ही त्यांना चापेकची हकीकत सांगितली आणि शब्द तसाच ठेवला.