डाव्या कोपऱ्यातून



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्र आणि आपण’ हा विषय दिला होता आणि मी हो म्हटलं होतं. पण त्यावर बोलू शकणारे आपल्या बॅचमध्ये निदान दहा जण निघतील. शिवाय आज आपले पी.टी.चे सर पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यामुळे विषय बदलते. मी कबड्डीवर बोलणार आहे.

काही जणींना आठवत असेल, आठवी-नववीत मी शाळेच्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळायचे. मॅट वगैरे नव्हतीच. मातीवर गुडघे सोलायचे आणि घरी गेल्यावर आई हळद लावता लावता बोलणी द्यायची. दहावीला घरून फर्मान निघालं, आता खेळ पुरे. तेव्हा सर वर्तकनगरच्या आमच्या म्हाडाच्या खोलीवर आले होते. बाबांनी चहा दिला आणि अगदी आदराने विचारलं, “सर, कबड्डी खेळून पुढे काय?” सर काही बोलले नाहीत. चहा संपवून निघून गेले. मी दाराआड उभी होते. पुढे बारावी, इंजिनीअरिंग, नोकरी सगळं रीतसर झालं. बाबांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी अकरावीत होती. तीही डावा कोपराच खेळते. एके रात्री जेवताना म्हणाली, “आई, इंजिनीअरिंगच्या क्लासची फी भरू नकोस. बारावी झाली की दोन वर्षं मला फक्त खेळायचंय.” आणि माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य निघालं, “कबड्डी खेळून पुढे काय?”

तिच्याकडे उत्तर तयार होतं. “गिरीश इर्नाक!”

गिरीश आपल्याच ठाणे जिल्ह्यातला, कल्याणकडचा. डावा कोपरारक्षक. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला मुंबईत वरळीला सुरू झाली, तेव्हा तो विशीतला पोरगा होता. बंगाल वॉरियर्सकडून खेळला, २०१७ च्या पाचव्या हंगामात पुणेरी पलटणमध्ये आला आणि पुढच्याच हंगामात त्या संघाचा कर्णधार झाला. २०१८ हे वर्ष तर त्याचंच. जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात गिरीश होता. मग भारतीय संघात निवड आणि ऑगस्टमध्ये जकार्ताची आशियाई स्पर्धा.

मुलीने इथवर सांगितलं. पुढचं मी शोधलं, कारण आईला वाईट बातमी आधी सापडते. १९९० पासून सलग सात वेळा आपण कबड्डीचं सुवर्ण आणलं होतं. जकार्तात आधी कोरियाने एका गुणाने हरवलं आणि उपांत्य फेरीत इराणने २७-१८. कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. मी विजयी सुरात म्हटलं, “बघ, सात सुवर्णांनंतर हरलेल्या संघात तुझा हिरो होता.” ती म्हणाली, “हो. आणि दीड महिन्यात तो पुण्याचा कर्णधार म्हणून मॅटवर उभा होता.”

यावर मी गप्प बसले. मग रोज रात्री आम्ही दोघी जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. चढाईपटू सगळ्यांना दिसतो. तीस सेकंदं सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघत असतं. कोपरारक्षक त्या तीस सेकंदांत बहुतेक वेळा काहीच करत नाही. मागे सरकतो, शेजाऱ्याचा हात धरून उभा राहतो, चढाईपटूचा पाय बघतो. घाईने झेपावला आणि पकड सुटली, तर समोरच्याला गुण मिळतो आणि हा बाहेर जातो. योग्य क्षणी घोटा हातात आला की खेळ फिरतो. तो क्षण ओळखायला वर्षानुवर्षं घासावं लागतं. म्हणून बचावपटू लवकर नावारूपाला येत नाहीत.

माझं कामही असंच आहे. आमची टीम एक मोठी यंत्रणा चोवीस तास चालू ठेवते. सगळं सुरळीत असलं की आम्ही आहोत हे कुणाच्या ध्यानातही नसतं, बंद पडलं की पहिला फोन आम्हाला. रात्री दोन वाजता घाईने काहीतरी बदलून बसायचं नाही, थांबून बघायचं, मग नेमकं एकच पाऊल उचलायचं. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही. सर, ते मी तुमच्या मैदानावर शिकले.

पण एक गोष्ट मला अजूनही टोचते. गिरीशच्या पिढीला २०१४ साली एक रस्ता मिळाला. मुलींना काय मिळालं? २०१६ मध्ये मुलांच्या लीगबरोबर तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली. त्यातल्या एका संघाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे होती. तशी स्पर्धा पुढच्या हंगामात काही झाली नाही. आणि २०२३ ला हांगझोऊमध्ये आपल्या मुलींनीच चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण आणलं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक. म्हणजे मुली कुठे कमी पडत नाहीत. त्यांच्यासाठी रस्ताच कच्चा आहे. लेकीला मी हे लपवलं नाही. ती म्हणाली, “ठाऊक आहे. तरी खेळायचंय.”

शेवटी आमचं असं ठरलं: बारावीची परीक्षा नीट द्यायची, पदवीसाठी कबड्डीचा चांगला संघ असलेल्या कॉलेजात जायचं आणि दोन वर्षांनी परत एकत्र बसून हिशोब मांडायचा. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडू घेतात, त्या जागांवर लक्ष ठेवायचं. इंजिनीअरिंगच्या क्लासची फी मी भरली नाही. भीती वाटते का? रोज वाटते. ती सरावाहून येईपर्यंत मी खिडकीतच असते. गुडघे तिचेही सोलतात. आणि हळद लावता लावता बोलणी मी देते.

सर, तीस वर्षांपूर्वी बाबांनी तुम्हाला जो प्रश्न विचारला होता, त्याचं पक्कं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण या खेपेला तो प्रश्न ऐकून कुणी चहा संपवून निघून गेलं नाही. आम्ही दोघी अजून बसून आहोत. पुढच्या रविवारी तिचा सामना आहे. तुम्ही आलात तर तिच्या डाव्या पायाकडे तेवढं बघा. पकडीच्या आधी ती तो जरा लवकर उचलते. मीही उचलायचे.